बहात्तर किलो आणि एक स्टूल

ताई ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली. पण तिच्या घरात असं काही झालेलंच नाही, असं सर्वानुमते ठरलं आहे. तेव्हा ते वाक्य आपणही वाचलेलं नाही. ताईची परीक्षा अजून व्हायची आहे. मंगळवारी, सकाळी नऊ वाजता.

सोमवारी दुपारी तिचा धाकटा भाऊ पाना घेऊन घरच्या एकुलत्या एक गाडीत शिरला. त्याला सगळे ग्रॅम म्हणत, कारण तो टूथब्रशसुद्धा वजन पाहून विकत घ्यायचा. रविवारी गावाबाहेरच्या मोकळ्या धावपट्टीवर गाड्यांची शर्यत होती, आणि गाडी जितकी हलकी तितकी ती पळणार, हे ग्रॅमला पाठ होतं. मागची सीट निघाली. शेजारची निघाली. गालिचा, छताचं कापड, दारांची आतली अस्तरं, सगळं निघालं. उरली फक्त चालवणाऱ्याची सीट आणि चहूकडे पत्रा.

"उद्या माझी परीक्षा आहे," ताई म्हणाली.

"सातला सीटा आणतो, आठला बसवतो. तू निवांत राहा."

"आणतो म्हणजे? आहेत कुठे?"

"भंगारवाल्याकडे, काट्यावर. किती वजन वाचलं ते कळायला नको?"

वाचलं होतं बहात्तर किलो.

ताई परिचारिका. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची ड्रेसिंग करायची नोकरी तिला लागली होती. रुजू व्हायचं एक तारखेला, पण हातात परवाना हवा. आता नापास झाली तर पुढची संधी तीन महिन्यांनी, आणि नोकरी काही तिच्यासाठी तीन महिने दारात ताटकळणार नव्हती.

सकाळी सातला भंगारवाल्याच्या शटरला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर पाटी: 'मंगळवार बंद'. त्याचा फोनही मंगळवार पाळत होता. ग्रॅमनं पाटी तीनदा वाचली. मजकूर तोच राहिला.

नऊला पाच कमी असताना परीक्षक साहेबांनी गाडीचं दार उघडलं. आत पत्रा, पत्र्यावर स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल, आणि स्टुलामागे फतकल मारून बसलेला ग्रॅम, दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरून.

"हे काय आहे?"

"स्टूल."

"आणि तुम्ही?"

"मी स्टूल धरायला."

"भाऊ आहे माझा," ताई खालच्या आवाजात म्हणाली. "साहेब, आज परीक्षा झाली नाही तर माझी नोकरी गेली."

साहेबांनी नियमांची पुस्तिका काढून उभ्या उभ्या चार पानं वाचली. परीक्षकानं चालकाशेजारी बसावं, एवढंच त्यात होतं. कशावर, ते नव्हतं. साहेब स्टुलावर बसले. ग्रॅमनं नजरेनंच त्यांचं वजन केलं आणि तो कळवळला. किमान पंच्याण्णव. कालची सगळी मेहनत पाण्यात.

गाडी निघाली. गालिचा नसल्यामुळे चाकाखालचा प्रत्येक खडा आपली ओळख करून देत होता. ग्रॅमला रस्ता दिसत नव्हता, दिसत होती साहेबांची पाठ. पाठ डावीकडे कलली की वळण उजवं. पण कलत होती फार थोडी, कारण शेजारी काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलंय अशी ताई चालवत होती. चढावर थांबली, मागे न घसरता सुटली. दोन खांबांमध्ये गाडी उलटी लावली, खांबांना कळलंसुद्धा नाही. साहेबांचं पेन चार वेळा कागदावरून फिरलं, आणि बरोबरच्या खुणेचा आवाज कसा असतो ते ग्रॅमला आयुष्यात प्रथमच समजलं.

"छान," साहेब म्हणाले. "आता शेवटचं. मी हात वर केला की जोरात ब्रेक. पांढऱ्या रेषेच्या अलीकडे गाडी थांबली पाहिजे."

"जोरात?" ताईनं साहेबांना विचारलं, पण पाहिलं आरशातून भावाकडे.

"हळू दाबलात तर नापास."

"दाब, ताई," मागून ग्रॅम म्हणाला. "स्टूल इंचभर जरी हललं तर माझं नाव बदल."

वेग वाढला. पत्रा थरथरू लागला, पत्र्याबरोबर ग्रॅमचे दात. स्टुलाच्या पायांभोवती त्याची बोटं पांढरी पडली. साहेबांचा हात वर गेला. ताईनं अख्खं पाऊल ब्रेकवर दिलं, आणि गाडी खिळा ठोकल्यासारखी थांबली.

स्टूल खरंच इंचभरही हललं नाही. ग्रॅमनं ते जिवाच्या आकांतानं धरलं होतं. साहेबांना मात्र कुणीच धरलं नव्हतं.

एरवी जिथे पाय ठेवतात तिथे ते घडी घालून ठेवल्यासारखे सापडले. चष्मा शाबूत, पेन शाबूत. त्याच पेनानं त्यांनी तिथूनच लिहिलं: 'शेजारील व्यक्तीच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष. नापास.'

घराच्या दारात ताई म्हणाली, "कागद घे आणि लिही. तू पाडलंस, आता तूच उचल."

ग्रॅमनं लिहिलं ते असं:

'मा. परवाना अधिकारी यांस,

विषय: परीक्षा नेमकी कधी संपली याबाबत.

महोदय, आजच्या परीक्षेत वाहन रेषेच्या अडीच मीटर अलीकडे थांबले. वाहन थांबले त्या क्षणी परीक्षा संपली. त्या क्षणी माननीय परीक्षक पडलेले नव्हते, ते हवेत होते, आणि हवेत असताना त्यांनी कोणतीही तक्रार केल्याचे पाठीमागील साक्षीदारास ऐकू आले नाही. त्यानंतर घडलेला प्रकार परीक्षेच्या कक्षेत येत नाही. तरी माननीय परीक्षक हवेत असतानाचा निकाल अंतिम मानून अर्जदारास एक तारखेपूर्वी परवाना देण्यात यावा, ही नम्र विनंती.'