एका तारखेचं एकच मूल

कुरखेड्याकडच्या एका पंचायत समितीपुढे २००६च्या एप्रिलमध्ये गंभीर प्रश्न उभा राहिला. उन्हाळी बालशिबिराच्या नोंदणीसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? तोवरची पद्धत फारच मागासलेली होती. आईबाप तेंदूपत्ता तोडायला रानात जात. पोरं शाळेच्या चिंचेखाली बसत, खिचडी खात, खेळत. यात प्रशासनाचा सहभाग कुठेच दिसत नव्हता.

निवड समितीचे अध्यक्ष होते मुख्याध्यापक गुणवंतराव. दोन कंपन्यांनी प्रात्यक्षिकं दाखवली. पहिलीचं सॉफ्टवेअर येईल त्या मुलाचं नाव मुकाट्याने घ्यायचं. समितीला ते बेजबाबदार वाटलं. दुसरं मात्र करारी होतं. जन्मतारीख आधीच्या नोंदीशी जुळली, की ते मूल बोगस ठरवून बाहेर. समितीचा जीव त्यावर जडला. गुणवंतरावांनी एवढंच सुचवलं, की आयांना साल आठवत नाही, तेव्हा सालाचा रकाना काढून टाकावा. या लोकाभिमुख सूचनेबद्दल त्यांच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

आता, पोर शाळेत घालताना आई सांगायची, "मोह वेचाच्या दिवसात झाली, गुरुजी." मग गुणवंतराव गुरुजी शांतपणे लिहायचे, एक जून. अख्ख्या गावाला त्यांनी स्वतःच्या हाताने जन्माला घातलं होतं. पण हे इतकं अंगवळणी पडलेलं, की समितीत बसताना त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

नोंदणीला सोमाजीची रिना पहिली. तिचं नाव झोकात चढलं. मागून तळ्यावर मासे धरणाऱ्यांची देवकाबाई आपल्या रिंकूला घेऊन आली. पडद्यावर उमटलं, 'सदर मूल पूर्वीच नोंदलेले आहे.'

"काऊन जी? माही पोरगी तं इथी उभी आहे," देवकाबाई म्हणाली. "तुमाले दिसत नाई का?"

"मले दिसून राह्यली, बाई. त्याले दिसत नाई," गुणवंतराव संगणकाकडे बोट दाखवत म्हणाले.

"मंग तुमीच लिवा ना हातानं."

"हातानं लिहिलेलं आता चालत नाई."

रांगेतली सगळी पोरं एकामागून एक रिनाच निघाली. देवकाबाईने रिंकूच्या डोक्याला ओला दुपट्टा बांधला आणि तिला त्या उन्हात पानं तोडायला सोबत नेलं. गुणवंतरावांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण वाईट वाटण्यासाठी रकाना नव्हता.

रिनाने महिनाभर चिंचेखाली एकटीने लंगडी घातली. अहवालात लिहिलं गेलं, 'बोगस मुलांचे समूळ उच्चाटन.' जिल्ह्याने गुणवंतरावांचा सत्कार ठरवला. प्रवेशिका अर्थातच त्याच सॉफ्टवेअरवर.

सत्काराच्या दिवशी कोट घालून ते सभागृहाच्या दाराशी पोचले. लहानपणी त्यांना शाळेत घेणाऱ्या गुरुजींनीही सुरेख अक्षरात एक जूनच लिहिलं होतं. संगणकावरच्या धनराजने तारीख टाकली आणि मान खाली घातली.

"गुरुजी, तुमी तं आधीच आत गेले."

"अरे, मी इथी उभा आहो ना."

"मले दिसून राह्यले जी. त्याले नाई दिसत."

आत टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी एक जून हार घालून घेत होता.

वाचकहो, खुशाल हसा. फक्त त्याआधी आपला शाळा सोडल्याचा दाखला काढून जन्मतारीख पाहा. कदाचित तुमच्या वाटचं हसून कोणीतरी केव्हाच घरी गेलं असेल.