रिकाम्या टाकीची साक्ष

आमच्या पिकअपच्या इंजिनाने माझ्याविरुद्ध तहसील कचेरीत हरकत नोंदवली. नोटीस माझ्या हातात पडली तेव्हा मी बंदरावर बांगड्याच्या पेट्या भरत होते.

आमच्या तालुक्यात इंजिनाचं म्हणणं ठोक्यांत घेतात. दोन ठोके म्हणजे हो, एक म्हणजे नाही. चढावर इंजिनाने कोणी न विचारता टकटक केली, तर ती हरकत धरतात. आमच्या इंजिनाची टकटक माझ्या धाकट्या दिराने, दत्तारामने, मोबाईलवर घेतली आणि इंजिनाच्या वतीने अर्ज केला. त्याने लिहिलं होतं, वैनीला गाडी चालवता येत नाही, इंजिनाचे हाल होतात, तरी गाडीचा ताबा मला मिळावा. खाली निशाणी म्हणून इंजिनाने ऑइलचा ठिपका दिला होता. ठिपका खरा होता. आमचंच ऑइल, मी वासावरून ओळखलं.

माझे मालक, दत्तारामचे थोरले भाऊ, वारल्यापासून सहा वर्षं गाडी मीच चालवते. बंदरावरची मासळी बर्फात घालून घाटावर नेते. ती गेली की मी कुणाच्या तरी दारात पाटी घेऊन बसणार. बसायचं नव्हतं मला.

सुनावणी घाटाच्या पायथ्याशी झाली. ठोके अधिकारी बिर्जे साहेब रस्त्याच्या कडेला टेबल टाकून बसले. मी मासळी भरूनच गेले, कारण सुनावणीसाठी बांगडा थांबत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "टकटक माझ्या हाताने नाही, पेट्रोलने होते. बंदरावरचा पंप बंद पडल्यापासून मी नाक्यावरचं बाटलीतलं भरते. त्यात काय काय मिसळतात देव जाणे. पंप होता तोवर इंजिनाने तोंड उघडलं नव्हतं."

"दाखवा."

बाटलीतलं घालून मी घाट चढले. पहिल्या वळणापासून टकटक सुरू. साहेबांनी लिहिलं, हरकत कायम. मग मी टाकी उपसली, तालुक्याच्या पंपावरून कॅनमध्ये आणलेलं भारीतलं पेट्रोल ओतलं आणि परत चढले. तीच बाई, तोच घाट, तेवढंच ओझं. इंजिन हूं की चूं नाही.

"बघा!" मी म्हटलं.

दत्ताराम उठला. "साहेब, साक्षीदाराला भारीतलं पाजून गप्प केलंय हिने."

बिर्जे साहेबांनी चष्मा काढला. "मुद्दा आहे. खाऊ घातलेल्या साक्षीदाराचं मौन धरता येत नाही."

माझं डोकं फिरलं. "मग बाटलीतलं पाजून जे वदवलं ते कसं धरता? तुम्हाला रॉकेल पाजलं तर तुम्हीपण ओरडाल!"

साहेबांनी थोडा विचार केला. "हाही मुद्दा आहे," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे आदेश लिहिला. साक्ष उपाशी पोटी, म्हणजे टाकी रिकामी ठेवून, आणि चढावरच घ्यावी.

"अहो, पण रिकाम्या टाकीने गाडी चढायची कशी?" दत्ताराम म्हणाला.

"ते पक्षकारांनी पाहावं."

दत्ताराम लगेच स्टेअरिंगवर जाऊन बसला. "ताबा माझ्याकडेच येणार आहे. तुम्ही ढकला, वैनी."

मी टाकी परत उपसली आणि पदर खोचला. मासळीवाल्या शेवंताला आणि तिच्या तिघी सोबतिणींना हाक मारली. "चला गो, साक्षीदार वर न्यायचाय." पाचजणींनी खांदा लावला. बर्फाचं पाणी आमच्या डोक्यावरून पाठीत उतरत होतं. शेवंता म्हणाली, "तुझा दीर आत बसलाय की अजून एक पेटी ठेवलीय गो?" हसायलाही दम नव्हता. मी मात्र ठरवलं होतं, हाडं मोडली तरी गाडी मागे येणार नाही.

दुसऱ्या वळणावर, सोबत चालत आलेल्या साहेबांनी हात वर केला आणि बॉनेटपाशी वाकले.

"आपली हरकत गैरअर्जदार बाईंच्या हातावर आहे का?"

एक ठोका.

"बाटलीतल्या पेट्रोलवर आहे का?"

दोन ठोके.

"गाडीचा ताबा अर्जदारांकडे द्यावा का?"

आमचे पाय घसरत होते. मग असा एक ठोका आला की दत्तारामचे दोन्ही हात स्टेअरिंगवरून सुटले आणि गाडी मागे सरकली. मी पाठ लावली. शेवंताने चाकाखाली दगड सरकवला.

आम्ही सगळे दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिलो. साहेबांनी घड्याळ लावून पाच मिनिटं बघितली. दुसरा आला नाही.

"एकच धरतो," ते म्हणाले.

आदेश असा झाला. ताबा माझा. इंजिनाला आहार म्हणून भारीतलंच पेट्रोल द्यावं. परंतु असा आहार घेणारा साक्षीदार गप्प बसत असल्याने, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याला उपाशी पोटी चढावर नेऊन विचारावं. अर्जदाराने हजर राहावं.

तेव्हापासून दर पहिल्या सोमवारी मी स्टेअरिंगवर बसते आणि दत्ताराम ढकलतो. दुसऱ्या वळणावर साहेब विचारतात, "काही हरकत?" इंजिन एकदा वाजतं. साहेब "नाही" असं लिहितात, ऑइलचा ठिपका घेतात. मग मी टाकी भरते, दत्तारामला बाजूला हो म्हणते, आणि बर्फ आहे तोवर घाट चढते.