खाली पाणी असेल तर

आमच्या विरारच्या सोसायटीत सहाव्या मजल्यावर राहणारा जयेश राऊत स्वतःच्या गॅलरीला घाबरतो. कपडे वाळत घालायचे तर भिंतीला पाठ चिकटवून, डोळे मिटून, हात तेवढा पुढे करतो. आणि हा माणूस नोकरी कसली करतो? नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरून बुडणाऱ्यांना वर काढायची!

मी एकदा विचारलंच. म्हणाला, "काका, तिथे खाली पाणी असतं. इथे पार्किंग आहे."

जयेश मूळचा आगाशीच्या केळीवाल्यांचा. आई तिथे वाडीत, इथे हा एकटाच. लिफ्ट बंद पडली की म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन जिने चढतो. "वजन माझ्यावर सोडा, बाकी काही करू नका," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

माझं आणि त्याचं वाजलं ते त्याच्या काळ्या रबरी सूटवरून. तो सूट पॅसेजमध्ये वाळत टांगलेला असे. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं, तर समोर कुणीतरी फास घेतल्यासारखं दिसे. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी त्याला दोनदा नोटीस दिली. सेक्रेटरीच्या हातात तेवढंच असतं.

मी कामणला एका गोदामात हिशेब बघतो. गेल्या पावसाळ्यात डोंगरावरून असं पाणी उतरलं की दुपारपर्यंत मी आणि वॉचमन रामदास पत्र्यावर चढून बसलो होतो. रामदास देवाचं नाव घेत होता. मी मॅनेजरचं घेत होतो, निराळ्या शब्दांत.

अखेर हेलिकॉप्टर आलं. दोरीवरून एक हेल्मेट आणि काळा सूट खाली आला. चेहरा दिसला नाही, पण सूट मी लगेच ओळखला.

"सेक्रेटरीकाका, तुम्ही?" जयेश ओरडला.

"आधी रामदासला ने. त्याला पोहता येत नाही," मी बाणेदारपणे म्हणालो. माझे दोन्ही हात मात्र जयेशच्या कमरेला होते. त्याने ते एकेक बोट करून सोडवले.

एवढ्यात रामदासच्या खालचा पत्रा निसटला आणि तो पाण्यात गेला.

जयेशने अंगावरचा हुक काढला आणि मागोमाग उडी घेतली. गढूळ पाण्यातून प्लायवूड, पिंपं वाहत होती. दोघंही दिसेनात. मी पत्र्यावर पालथा पडून ओरडत होतो; काय, ते आठवत नाही. मग पार कुंपणापाशी जयेशचं डोकं वर आलं, काखेत रामदास. तेवढ्यात एक पिंप येऊन जयेशच्या खांद्यावर आदळलं, पण त्याने रामदासला सोडलं नाही. हेलिकॉप्टर त्यांच्यावर सरकलं, हुक खाली आला, दोघं वर गेले.

जयेश माझ्यासाठी पुन्हा उतरला तेव्हा त्याचा एक हात नुसता लोंबत होता.

"एका हाताने जमेल?" मी विचारलं.

"पट्टा धरणार आहे तुम्हाला. वजन माझ्यावर सोडा."

मी वजन सोडलं, किंकाळीही सोडली. अधांतरी लटकत असताना तो माझ्या कानाशी ओरडला, "सूट पॅसेजमध्ये चालेल ना आता?"

"कायमचा!" मी ओरडलो. चर्चेशिवाय मंजूर झालेला आमच्या सोसायटीतला तो पहिला ठराव.

काही दिवसांनी मी रामदासला घेऊन जयेशकडे गेलो. दुखरा हात झोळीत अडकवलेल्या जयेशने दार उघडलं आणि आमच्याकडे बघतच राहिला. मग एका हाताने त्याने चहा केला. चहा सांडू नये म्हणून मी मदत करायला गेलो आणि साखर सांडली.

"माणसं वर काढतो, सुरक्षित जागी सोडतो आणि लगेच परत उडतो," तो खाली बघत म्हणाला. "पुढे त्यांचं काय झालं, कळतच नाही. परत कुणी भेटलं नाही कधी. तुम्हीच पहिले."

मग त्याने खुर्ची रामदासच्या अगदी जवळ ओढली.

"घरी गेल्यावर काय झालं?"

"काय होनार साहेब? बायको रडली. मग वरडली, पानी भरल्यावर थांबलाच कशाला म्हनून. मग भाकऱ्या टाकल्या."

"कसल्या?"

"तांदळाच्या."

"बरोबर काय होतं?"

"सुकट."

"पोरं?"

"धाकटी मांडीवरून उतरंना."

जयेशचा चहा तसाच राहिला होता. मीटिंगमध्ये कुणालाही वाक्य पुरं करू न देणारा मी सांडलेली साखर गोळा करत ऐकत होतो.

"आणि मग?" जयेशने विचारलं.