पाटी कोणाच्या दारात

शनिवारी संध्याकाळी फोल्कमार श्टेंगले नुसत्या मोज्यांवर, पावलांचा आवाज न करता दाराबाहेर आला. आपल्या दारावरची लाकडी पाटी त्याने काढली आणि समोरच्या त्साइझरबाईंच्या दाराला अडकवली. पाटीवर एवढंच लिहिलेलं होतं, 'झाडणीचा आठवडा'. श्टुटगार्टमधल्या त्या इमारतीत पाटी ज्याच्या दारात, त्याने आठवडाभर जिना झाडायचा, पायऱ्या पुसायच्या आणि बर्फ पडला तर लोक बाहेर पडायच्या आत फुटपाथ मोकळा करायचा. कोणी घसरून पडलं तर भरपाई पाटीवाल्याच्या गळ्यात. फोल्कमारचा आठवडा आज संपत होता आणि रात्री बर्फ पडेल असं रेडिओ दुपारपासून सांगत होता.

फोल्कमार एका विमा कंपनीच्या जोखीम विभागात होता. धोका ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. म्हणून धोका जवळ बाळगू नका, वेळेत दुसऱ्याच्या हवाली करा, हे तो आठवडाभर कारखानदारांना समजावत असे. समजावून समजावून त्याचा जीव इतका मेटाकुटीला आला होता की आता त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. रविवारी उशिरापर्यंत झोप.

तो पलंगावर टेकतो न टेकतो तोच बेल वाजली. दारात त्साइझरबाई उभ्या, काखेत पाटी. बाईंनी उभी हयात न्यायालयात निकालपत्रं टाइप करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्या तरी निकाल देण्याची सवय गेली नव्हती.

"बाहेरच्या पायरीवर बुटाचा ठसा आहे," त्या म्हणाल्या. "काम अर्धवट टाकून पाटी पुढे सरकवता येत नाही, श्टेंगले."

"पोस्टमनचा असेल तो."

"असेल ना. पण आठवडा तुमचा आहे."

वाद घालायचं त्राण फोल्कमारमध्ये नव्हतं. पाटी आपल्या दारात ठेवून तो बादली घेऊन खाली गेला. वाकून पुसायचाही कंटाळा आला, म्हणून त्याने सगळं पाणी पायरीवर ओतून दिलं. ठसा गेला. वर येऊन त्याने पाटी पुन्हा बाईंच्या दाराला लावली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी झोपला.

सकाळी खिडकीतून पांढरा उजेड आला. बर्फ पडला होता, आणि तो आता त्साइझरबाईंचा होता. फोल्कमारने समाधानाने दुलई डोक्यावर ओढली. पण खालून फावड्याचा आवाज येईना. तो कूस बदलत राहिला. शेवटी उठून त्याने दार किलकिलं केलं. पाटी दोन्ही दारांच्या बरोबर मधोमध, भिंतीला टेकवून जमिनीवर उभी होती. बाईंचंही दार किलकिलं होतं.

"ताबा घेणाऱ्याला हो म्हणावं लागतं," दाराच्या फटीतून आवाज आला. "बेल न वाजवता टांगलेली पाटी मी घेतलेली नाही."

आता झोप कसली येते? कोणी पडलं तर प्रकरण कोर्टात जाणार आणि आपलं नाव त्यात असणार, हे फोल्कमारला स्पष्ट दिसायला लागलं. कोट चढवून तो खाली आला. पाठोपाठ बाईही आल्या. फावडं दाराच्या आतच ठेवलेलं होतं. पण फावडं हातात घेणं म्हणजे जबाबदारी पत्करणं, हे तो शिकवून शिकवून जाणत होता आणि बाई टाइप करून करून. तेव्हा फुटपाथच्या एका टोकाला तो उभा राहिला, दुसऱ्या टोकाला बाई, आणि दोघं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांभाळून चालायला सांगू लागले. चर्चला निघालेल्या एका काठीवाल्या आजोबांना त्यांनी चक्क पलीकडच्या फुटपाथवर पाठवायला घेतलं. तिथेही तेवढाच बर्फ होता, पण तो दुसऱ्या इमारतीचा होता.

"अहो, इथे उभं राहण्यापेक्षा झाडून टाका की. दहा मिनिटांचं काम," आजोबा म्हणाले.

"तुम्ही करता का?" दोघांनी एकदमच विचारलं.

आजोबा रस्ता ओलांडून गेले.

थंडीने फोल्कमारचे पाय बधिर झाले. जरा आडोशाला उभं राहावं म्हणून त्याने दाराबाहेरच्या पायरीवर पाय ठेवला. बर्फाखाली कालच्या बादलीचं पाणी काचेसारखं गोठलेलं होतं. तो असा आपटला की पलीकडच्या फुटपाथवरून आजोबांनी टोपी काढली.

"घोटा गेला माझा," फोल्कमार कण्हला. "तुम्ही पायरी पुसायला लावलीत म्हणून."

"मी पुसायला सांगितलं होतं. बादली ओतायला नाही," बाई आपला कोट त्याच्या अंगावर घालत म्हणाल्या.

फोल्कमार आडवा पडल्या पडल्या विचार करत राहिला. पडला तो, पाणी ओतलं त्यानेच, आणि ओतलं तेव्हा पाटी त्याच्याच दारात होती. असलं चोख प्रकरण नोकरीत एकदाही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्साइझरबाई दवाखान्यात आल्या, सफरचंदाचा केक घेऊन. फोल्कमारचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता. उशिरापर्यंत झोपायला आता त्याला कोणाची हरकत नव्हती, पण दुखण्यामुळे डोळा लागत नव्हता. त्याने आधी फुटपाथचंच विचारलं.

"कालच झाडला मी," बाई म्हणाल्या. "आज पहाटे पुन्हा."

"म्हणजे पाटी घेतलीत तुम्ही? आणि कोणी पडलं तर?"

"पडू दे. आता कसली भीती?" बाईंनी केकचा तुकडा कापून त्याच्या हातात दिला. "आपल्या इमारतीत, पडल्यावर कोर्टात जाईल असा एकच माणूस होता, आणि त्याला ठेवलंय इथे."