फोरमनच्या अंगावरचा कोंडा

गेला अख्खा हिवाळा देवरेकाका रोज सकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक काळं कापड अंथरायचे. त्यावर कुत्र्याला उभं करायचे, त्याच्या पाठीवरून बारीक दातांची फणी बरोबर पाच वेळा फिरवायचे आणि कापडावर काय पडलं ते भिंगातून बघायचे. मग खिशातल्या वहीत काहीतरी लिहायचे. दूधवाला गेला, वॉचमन गेला, शाळेत शिकवायला निघालेली मी गेले, तरी त्यांची मान वर व्हायची नाही. फक्त निकाल ऐकू यायचा.

"रिजेक्ट!"

काकांनी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासला. निवृत्तीनंतर माल संपला, तपासणी चालूच राहिली. लिफ्टचं दार एका बाजूनं घासतं हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. घरी लताकाकूंची पोळी ताटात पडली की ते आधी तिची कड चिमटीत धरून बघायचे. "मध्ये पातळ, कडेला जाड. असं का होतंय? मूळ कारण काय?" काकू शांतपणे म्हणायच्या, "मूळ कारण, मी वैतागलेय." माझ्या दाराची नवी कडी त्यांनी सुतार समोर उभा असतानाच नापास केली. ती तिसऱ्या दिवशी निखळून हातात आली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

कुत्रा मात्र त्यांनी पास करून आणला होता की काय, कळायला मार्ग नव्हता. दिवाळीनंतर एका दुपारी काका रिक्षातून उतरले आणि त्यांच्या मागून एक तपकिरी, गावठी, वयस्कर कुत्रा उतरला. एक कान उभा, एक पडलेला. पाठीवर कोणीतरी पीठ चाळल्यासारखा कोंडा. सीट बघून रिक्षावाल्यानं सांगितलं, "काका, परत याला घेऊन हात दाखवू नका." कुत्र्याचं नाव फोरमन. कुठून आणला, का आणला, यावर काका बोलेनात. काकूही बोलेनात.

फोरमन दिवसभर खाजवायचा. जिन्याच्या कोपऱ्याला पाठ घासायचा, आणि तो उठून गेला की तिथे पांढरा सडा पडलेला असायचा. सोसायटीत सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी खोबरेल तेल सांगितलं, कोणी कडुलिंबाचा पाला, कोणी दही. काकांनी एकेक उपाय आठ-आठ दिवस केला, वहीत नोंदवला आणि नापास केला. मग त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. रोज कढत पाणी, रोज शाम्पू, रोज खसाखसा अंघोळ. कोंडा दुप्पट झाला. काकांनी अंघोळीला आणखी पाच मिनिटं वाढवली.

"काका, डॉक्टरांना दाखवा ना," मी एकदा म्हटलं.

"टीचर, माल माझ्या हातात आलाय. तो मी सुधारल्याशिवाय सोडणार नाही."

पण एका सकाळी मी जिना उतरत होते तेव्हा काका कापडाशेजारी मांडी घालून बसले होते. फोरमनच्या कमरेवरचे केस विरळ झाले होते. काका त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते, आणि आमच्याशी बोलतात त्या भाषेत नाही, त्यांच्या सटाण्याकडच्या घरच्या अहिराणीत. "काय व्हयनं रे भाऊ? लई खाजस का?" मला बघितल्यावर ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "तुमची गाडी आज रिकामी आहे का?"

जनावरांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. काकांनी आधी वही त्यांच्यासमोर ठेवली. बाईंनी चार पानं वाचली, हसू दाबलं आणि फोरमनच्या पाठीवरून थोडी कातडी खरवडून काचपट्टीवर घेतली. मायक्रोस्कोप बघताच काकांचा चेहरा उजळला. "मी बघू?" त्यांनी एवढा वेळ डोळा लावून ठेवला की बाईंना त्यांना बाजूला व्हायला सांगावं लागलं.

"किडे नाहीत, बुरशी नाही," बाई म्हणाल्या. "अंघोळ किती दिवसांनी घालता?"

"रोज," काका अभिमानानं म्हणाले. "कढत पाण्यानं. शाम्पू लावून."

"कुठला शाम्पू?"

"मिसेसचा. कोंड्याचाच आहे."

"आणि खायला?"

"दूध-पोळी. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, आधी थोडा कोरडेपणा असेल. पण आताचा हा कोंडा तुम्ही तयार करताय. माणसांचा शाम्पू कुत्र्याच्या कातडीला चालत नाही. त्यात रोजचं कढत पाणी. अंगातलं सगळं तेल निघून जातंय."

मला वाटलं, आता वाद होणार. काकांनी वही ओढून घेतली, उभ्या उभ्या एक ओळ लिहिली आणि ती बाईंना दाखवली. 'प्रोसेस चुकली. ऑपरेटर: मी.'

मग सगळं बदललं. अंघोळ महिन्यातून एकदा, कोमट पाण्यानं, कुत्र्यांच्या शाम्पूनं. फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा, म्हणून काका घड्याळ धरून उभे, आणि समोर फेसात बुडालेला फोरमन, चेहऱ्यावर अपार संशय. रोज मऊ ब्रश. दूध-पोळी बंद, कुत्र्याचं खाणं सुरू, आणि त्यावर बाईंनी मोजून दिलेलं माशाचं तेल. त्या बाटलीला काकूंनी घरात घेतलं नाही. ती गॅलरीत चपलांच्या शेजारी राहायची. काका नाकाला कपड्यांचा चिमटा लावून थेंब मोजायचे आणि फोरमन ताटली फरशीवरून ढकलत ढकलत चाटायचा.

पंधरा दिवसांत काही फरक पडला नाही. त्यात नाशिकची थंडी कडक पडली, माझेच हात फुटले होते. काकांनी एकही सकाळ चुकवली नाही. कानटोपी, स्वेटर, काळं कापड, पाच वेळा फणी. "रिजेक्ट." जानेवारीच्या मध्यावर आवाज जरा खाली आला. "रिजेक्ट, पण कमी." आणि जानेवारी सरता सरता एका सकाळी काकांनी भिंग फिरवलं, कापड झटकलं, पुन्हा फणी फिरवली, पुन्हा बघितलं. त्या सकाळी 'रिजेक्ट' ऐकू आलं नाही, भिंग खिशात गेलं. फोरमनच्या पाठीवर ऊन पडलं होतं आणि ती चकाकत होती.

त्याच आठवड्यात शुक्रवारी माझी शाळा सुटल्यावर त्यांनी विचारलं, "टीचर, अंबडला सोडाल? दोघांना."

कारखान्याच्या गेटसमोर मी गाडी लावली. काका उतरेनात. फोरमन काचेला नाक लावून शेपटी आपटत होता.

"हा इथलाच," काका समोर बघत म्हणाले. "पहिल्या शिफ्टला गेटवर उभा राहायचा, म्हणून पोरांनी नाव ठेवलं. दिवाळीनंतर मी सहज आलो होतो. म्हटलं, सगळ्यांना भेटू. गेटवर नवा माणूस होता. त्यानं विचारलं, कोणाला भेटायचंय? मी विचार करत उभा राहिलो. माझ्या बरोबरचे सगळे निवृत्त झालेले. एक नाव सुचेना." त्यांनी फोरमनच्या मानेवर हात ठेवला. "तेवढ्यात हा केबिनमागून आला. सगळं अंग खराब झालेलं. पण पळत आला."

गेटवरचा माणूस गाडीजवळ येऊन वाकला. "कोणाला भेटायचंय?"

"कोणाला नाही," काका दार उघडत म्हणाले. "ह्याला घेऊन आलोय."

फोरमन उडी मारून उतरला आणि त्या माणसाच्या पायांत घोटाळू लागला. त्यानं खाली बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग आपला तळवा उलटून बघितला. "हा तोच? आम्हाला वाटलं, गेला बिचारा." त्यानं काकांकडे नीट बघितलं. "तुम्ही इथे होतात का, साहेब?"

"क्वालिटीला."

तो केबिनमध्ये गेला, आपली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला आणि गेटच्या सावलीत मांडली. "बसा. आता शिफ्ट सुटेल."

काका बसले. फोरमन त्यांच्या पायाशी बसला. आत भोंगा झाला. मी गाडीची चावी काढून पर्समध्ये टाकली.