लडी तेवढी सोडा

गाठीच्या बाबतीत पार्सलकाकांशी कुणी पैज लावू नये. पस्तीस वर्षं त्यांनी टपाल कचेरीत पार्सलांच्या खिडकीवर काढली. सैल बांधलेली, फाटलेली, भिजलेली पार्सलं सोडायची आणि पुन्हा नीट बांधायची, हे त्यांचं काम. पण एवढ्या वर्षांत त्यांनी दोरीला एकदाही कात्री लावली नाही. "दोरी कापली म्हणजे गाठीपुढे हात टेकले," असं ते म्हणायचे. सुतळी असो, नायलॉन असो, लग्नाची सोडून कुठलीही गाठ सोडवून दाखवतो, हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता. काकूंनी तो इतक्यांदा ऐकला होता की त्या आता हसतही नसत आणि चिडतही नसत, नुसत्या "हं" म्हणत.

गेला दीड महिना मात्र काका विनोद करायच्या मनःस्थितीत नव्हते. बल्ब बदलायला घेतलेलं स्टूल ते दारातच विसरले होते, काकू त्याला अडखळून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. काकू त्यावरून एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, चांगलं फैलावर घेतलं असतं, तर काकांना जरा बरं तरी वाटलं असतं.

त्यात ती लडी. पडायच्या आदल्या दिवशीच काकूंनी वांगी रंगाची लोकर आणली होती. चांगली पाव किलोची, एकच जाडजूड लडी. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं की हा रंग आता पुन्हा येणार नाही. आजवर काकूंनी सगळ्या गोतावळ्यासाठी विणलं. जावयाचा स्वेटर झाला, नातवंडांच्या टोप्या झाल्या, काकांचेच चार स्वेटर झाले. "ही शाल मात्र माझी," असं त्या म्हणाल्या होत्या. मग लडी टेबलावर आणि हात प्लास्टरात. येता-जाता त्या डाव्या हाताने लडीवरून हात फिरवायच्या. एकदा जेवताना म्हणाल्या, "बोटं पहिल्यासारखी वळली नाहीत, तर देऊन टाकू कुणाला तरी." काकांनी ताट बाजूला सारलं.

आज प्लास्टर निघणार होतं. काकू बहिणीला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला.

"अजून तासभर तरी लागेल. तोवर एक काम करा. टेबल आवरून ठेवा, लडी तेवढी सोडा."

"सोडतो की," काका म्हणाले. दीड महिन्यात पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या लायकीचं काम मिळालं होतं.

टेबल त्यांनी दोन मिनिटांत आवरलं, म्हणजे त्यावरचं सगळं उचलून खुर्चीवर ठेवलं. मग लडी समोर घेतली. चार ठिकाणी दोऱ्याचे बारीक बंध होते. काकांनी चष्मा पुसला आणि नुसत्या नखांनी चारही गाठी सोडल्या. वेळ लागला मोजून चार मिनिटं. दोरी सोडली की झटकायची, म्हणजे पीळ जातो, ही खात्यातली जुनी सवय. त्यांनी लडी दोन्ही हातांत धरली आणि चादर झटकावी तशी दणकून झटकली. एकदा झटकून समाधान होईना म्हणून पुन्हा झटकली.

लडीची सगळी अक्कल त्या चार बंधांत होती. ते गेले आणि काकांच्या हातात एक झुबका राहिला. तरी त्यांना काही वावगं वाटलं नाही. आता सोडलीच आहे तर गुंडाही करून ठेवू, काकू खूश होतील, असा त्यांनी विचार केला. एक टोक सापडलं. बारा वेढे झाले आणि लोकर अडली. काकांनी गुंडा एका फासातून काढला, मग दुसऱ्यातून. मग असं लक्षात आलं की पहिल्या फासातून काढायला नको होता.

तेवढ्यात तळमजल्यावरचे टेलरमास्तर काकांची उंची कमी केलेली पँट घेऊन आले.

"काका, हे काय चाललंय?"

"काही नाही, गुंडा करतोय. दहा मिनिटांचं काम. बरे आलात, जरा हात पुढे करा."

मास्तर भिडस्त माणूस. त्यांनी हात पुढे केले आणि काकांनी तो झुबका त्यांच्या मनगटांवर चढवला. "हं, आता जरा उजवीकडे फिरा. अजून थोडे. आता वाका." मास्तर फिरले, वाकले. एक फास त्यांच्या शर्टाच्या बटणात अडकला, दुसरा घड्याळात, तिसऱ्याने चष्म्याची काडी धरली.

"काका, मी सांगू का? दोन ठिकाणी कापू. लगेच सुटेल."

"मास्तर, या घरात कात्रीचं नाव काढायचं नाही."

"अहो, माझं पोट कात्रीवर चालतं!"

"ते खाली. इथे नाही."

इतक्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला. काकूंसाठी कॉफी करावी म्हणून काकांनी दूध गॅसवर ठेवलं होतं, ते उतू गेलं होतं. काका हातातल्या गुंड्यासकट धावले. मागून येणाऱ्या लोकरीचा टेबलाच्या पायाला वळसा पडला, ती खुर्चीखालून गेली, दाराच्या कडीला अडकली. गॅस बंद करून परतताना ते घाईघाईत दुसऱ्या बाजूने आले. आता मास्तर, टेबल आणि स्वयंपाकघराचं दार अशी तिघांची मोट बांधली गेली होती. बरं, मोट म्हणावी तर तिला टोकही सापडेना.

आणि कुलपात किल्ली फिरली.

बहिणीला खालूनच निरोप देऊन आलेल्या काकू दारात उभ्या राहिल्या. उजवा हात मोकळा, पण बारीक आणि पांढरट झालेला. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग नवऱ्याकडे.

"हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस ना, लडी सोडा."

"अहो, सोडा म्हणजे तिला हात लावू नका! बाकीचं आवरा, लडी तेवढी सोडा!"

मग मास्तर हळूच म्हणाले, "वहिनी, आता मला तेवढं सोडा."

काका मटकन खुर्चीवर बसले, तेही खुर्चीवरच्या सामानावर. "आधी तुझा हात मोडला," ते म्हणाले, "आता तुझी शालही गेली. माझ्यासारख्या माणसाला घरात ठेवू नये." डोळे भरून आले म्हणून त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"मग ठेवू कुठे?" काकू म्हणाल्या. "सरका. आधी मास्तरांचं बटण बघते."

काकूंनी डाव्या हाताने फास धरला. एकट्या हाताला तो दाद देईना, तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं आपोआप पुढे आली. वळली. थांबली. पुन्हा वळली. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं, त्या मास्तरांना "हलू नका" म्हणून दटावत होत्या. काकांचं मात्र सगळं लक्ष त्या दोन बोटांवर होतं. ते श्वास रोखून बसले, कारण आपण काही बोललो की काहीतरी बिघडतं एवढं त्यांना दीड महिन्यात कळून चुकलं होतं.

मास्तर पाऊण तासाने सुटले. पँट तिथेच टाकून ते खाली गेले, पैसे मागायलाही थांबले नाहीत. बाकीची लोकर सुटायला दिवे लागायची वेळ झाली. लहान कलिंगडाएवढा गुंडा झाला आणि त्यात एकही जोड नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काकूंची बोटं वाकवून पाहिली. "छानच वळताहेत की. काय केलंत काल?"

"गुंता सोडवला."

"उत्तम. मग महिनाभर रोज एक सोडवा. विणायला मात्र आठवड्याने घ्या."

रोज गुंता करून द्यायची जबाबदारी काकांनी आपणहून घेतली. याहून त्यांच्या हातचं काम कुठलं असणार? कपाटातली जुनी राखाडी लोकर काढून ते दुपारी दार लावून बसले. झटकली, चुरगाळली, खुर्चीच्या चारही पायांमधून फिरवली, हाताच्या सवयीने सात सुरगाठी मारल्या. दीड तास राबून घामाघूम झाले आणि तो गोळा अभिमानाने काकूंसमोर ठेवला.

काकूंनी एक टोक धरून ओढलं. सगळी लोकर सरळ सुटून मांडीवर आली.

"अहो," काकू म्हणाल्या, "नीट करा म्हटलं की बिघडवता, आणि बिघडवा म्हटलं तर तेही तुम्हाला धड जमत नाही."