मेल्यावरही बोलणारे लॉर्डसाहेब

नामदेव तात्यांना रंगमंचावर खुर्चीत बसायचं असलं, की ते आधी सांगायचे, "आता मी खुर्चीत बसतो." मग बसायचे आणि म्हणायचे, "बसलो." समोरच्या लोकांना ते दिसतच असायचं, पण तात्यांचं त्यावाचून भागत नसे.

तात्यांची कळंबला पिठाची गिरणी. जन्मभर तिच्या घरघरीवर बोलून त्यांचा आवाज असा तयार झालेला, की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतलं पेंगणारं म्हातारं दचकून सावरून बसायचं. मी जुन्नरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जाडजूड इंग्रजी कादंबरीचं मी मराठी नाटक केलं होतं. पोरकी मेरी, तिची इस्टेट दाबून बसलेला तिचा काका लॉर्डसाहेब, आणि शेवटी पश्चात्तापाने त्याचं मरण. आम्ही हौशी मंडळी टेम्पोत सामान घालून जुन्नर-आंबेगावच्या गावांतून त्याचे प्रयोग करत हिंडायचो. लॉर्डला आवाज हवा, म्हणून तात्यांना घेतलं. तालमीत ते लिहिलेलं तेवढंच बोलायचे. पहिल्या प्रयोगापासून मात्र त्यांना हा चळ लागला.

"मेरी, माझ्या डोळ्यांसमोरून चालती हो," असं मी लिहिलं होतं. तात्या ते गरजायचे आणि लगेच पुढे सांगायचे, "निघाली. दारापाशी थांबली. वळून बघतीय. निळा झगा घातलाय तिनं, कालच इस्त्री केलेला."

मेरीचं काम करणाऱ्या शिंदेबाई माझ्याच शाळेतल्या. त्या वैतागल्या होत्या. "सर, मी रडायच्या आधीच हे सांगतात रडाय लागली म्हणून. मग मला घाईघाईने रडावं लागतं."

सगळ्यात कहर मरणाच्या प्रवेशात व्हायचा. "आता माझा उजवा हात गळाला. मान डावीकडं. मेलो." इथे पडदा पडायला हवा, पण आमचा पडदा गावोगावचे लोक ओढायचे, त्यांना वेळ लागायचा. तेवढ्यात मेलेले लॉर्डसाहेब पडल्यापडल्या म्हणायचे, "मेरी जवळ आली. गुडघ्यावर बसली." जुन्नरच्या प्रयोगात कुणीतरी ओरडलं होतं, "लॉर्ड, मेलास ना, मग गप की राव."

नंतर मी तात्यांना फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, न सांगता कळतं व्हय?"

हे त्यांचं पालुपदच होतं. चहाच्या टपरीवर शेजारच्याला सांगायचे, "पावणं, कपाला उजव्या बाजूनं चीर हाय." टेम्पोत पुढे बसले की वाटभर चालू. "डावीकडं कांद्याची चाळ. पत्रं नवीन टाकलेत. म्हातारी शेळी घेऊन उभी हाय." ड्रायव्हर एकदा म्हणाला, "तात्या, मला दिसतंय." तात्या म्हणाले, "आसू दे. न सांगता कळतं व्हय?" आम्ही धरून चाललो, की माणूस बडबड्या आहे.

तळेघरच्या प्रयोगाआधी माझा संयम संपला. म्हटलं, "तात्या, तिथे एक शब्द जरी जादा बोललात, तर लॉर्डचं काम दुसऱ्याला देईन."

तात्यांनी मिशी चाचपली. "बरं," म्हणाले. "शब्द देतो."

तळेघरच्या शाळेत दुपारचा प्रयोग होता, बाजूंनी उघड्या असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाळा सरत आलेला, आजूबाजूला भात उभं होतं. आम्ही सामान लावत होतो तेव्हा तात्या एसटीने आले. त्यांच्या दंडाला धरून एक बाई सावकाश पावलं टाकत होत्या.

"आमची मंडळी," तात्या म्हणाले. "सुमन."

मी नमस्कार केला. काकूंनी माझ्या जरा डावीकडे बघून हात जोडले.

तात्यांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि मला बाजूला घेतलं. "काचबिंदू, सर. चार वर्सं झाली, काय दिसत न्हाई. गिरणीवरनं घरी गेलो की दिवसभरात काय बघितलं ते सांगतो, तेवढीच तिची करमणूक. नाटक तर लई आवडीचं. पर इतक्या गावांना कुठं नेऊ? म्हणून फोन लावून कोटाच्या खिशात ठेवतो, ती घरी ऐकती. हितं रेंज न्हाई, म्हणून घेऊनच आलो."

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. तात्या म्हणाले, "काळजी करू नका. शब्द दिलाय. आज गप ऱ्हातो. नुसती भाषणं ऐकंल ती."

आणि ते खरंच गप राहिले. पहिला अंक त्यांनी लिहिल्याप्रमाणे केला. खुर्चीत न सांगता बसले. मी विंगेतून काकूंकडे बघत होतो. मेरी मुकाट्याने निघून गेली तेव्हा काकूंनी मान जरा पुढे काढली, कान दिला, आणि मग हात मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या.

दुसरा अंक सुरू झाला आणि भीमाशंकरच्या बाजूने धुकं उतरलं. बघता बघता शेडमध्ये शिरलं. आधी मागच्या पडद्यावर रंगवलेला महाल गेला, मग मेरी, मग लॉर्डसाहेबांची उंच टोपी. तळेघरच्या लोकांना धुक्याचं काय, पण नाटक दिसेना म्हणून कुजबुज सुरू झाली. "कोन आलं? आता कोन बोललं?" पोरं उठून पुढे सरकायला लागली.

मी विंगेतून म्हणालो, "तात्या, बोला."

मग धुक्यातून तो गिरणीवरचा आवाज आला. "मी टेबलापाशी आलोय. हातात मेणबत्ती हाय. मेरी खिडकीत उभी हाय, पाठमोरी."

शेड चिडीचूप झाली. पोरं जागच्या जागी बसली. थोड्या वेळाने शिंदेबाईंचाही आवाज आला, "मी आता रडतेय." वकिलाचं काम करणाऱ्याने "मी दार वाजवतो" म्हणून खरंच फळी वाजवली. लॉर्डसाहेब सावकाश, एकेक अवयव सांगत मेले, मेल्यावर त्यांनी मेरीचं सगळं सांगितलं, आणि कुणी त्यांना गप बस म्हणालं नाही. बायका डोळे पुसत असाव्यात. नाकं ओढल्याचे आवाज तरी येत होते.

प्रयोग संपल्यावर मी काकूंपाशी गेलो. म्हटलं, "काकू, फार धुकं होतं. कुणालाच काही दिसलं नाही."

"आसं व्हय?" त्या हसल्या. "मग आज समदी माझ्यासारखीच बसली व्हती की."

तात्या रंग पुसून, कोट खांद्यावर टाकून आले. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि दोघं एसटीच्या रस्त्याला लागले. चार पावलांत दिसेनासे झाले. नुसता तात्यांचा आवाज येत होता, खणखणीत. "आता उतार हाय. उजवीकडं भाताचं खाचर. बांधावर बगळा बसलाय."

मग काकूंचा आवाज आला. "हळू बोला की. नाटक संपलं आता."